मैदान कोणत्या वेळी मिळतं?

(रायगड जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



काल दिवसभर आपण सातबाऱ्यावर बाईचं नाव, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि गावातली दारू या विषयांवर बोललो. आज पहिल्याच सत्राला ‘कबड्डी’ असं लिहिलेलं बघून काहीजणी हसल्या. हसा, काही हरकत नाही. मी पहिल्यांदा हाफपँट घालून अंगणात उभी राहिले तेव्हा आमच्या घरातही सगळे हसलेच होते. पण दुपारी गटचर्चेला बसाल तेव्हा हा विषय कालच्या विषयांपासून फार लांब नाही, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

मी चौदा वर्षं कबड्डी खेळले. आधी शाळेकडून, मग तालुक्याकडून, मग जिल्ह्याकडून. आता अलिबागजवळच्या आमच्या गावात संध्याकाळी मुलींना शिकवते. मुलींना खेळू द्या, असं आता सगळेच म्हणतात. सरपंच म्हणतात, आमदार म्हणतात, शाळेच्या भिंतीवरही लिहिलेलं असतं. मैदान मुलींना मिळतं का, या प्रश्नाला आज गावोगाव ‘हो’ असंच उत्तर येईल. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारते. कोणत्या वेळी मिळतं? आणि त्या वेळी त्या मैदानाची अवस्था काय असते?

आपल्या जिल्ह्याला कबड्डी शिकवावी लागत नाही. उरण, पेण, अलिबाग, रोहा, मुरुड, श्रीवर्धन, कुठेही जा. भात कापून झालं, मळणी उरकली की रिकाम्या शेतात मैदानं आखली जातात. गावदेवीच्या नाहीतर मारुतीच्या नावाचा संघ असतो, देणगीदारांच्या नावांचा फलक असतो, बांबूला दिवे बांधलेले असतात, आणि रात्रभर सामने चालतात. आमच्या आजीच्या तोंडी याला हुतुतूच नाव होतं. 

आता हे मैदान तयार कसं होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नियमाप्रमाणे पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. बायकांचं १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. शेतातली धसकटं काढायची, जमीन खणायची, ढेकळं फोडायची, खडे वेचायचे. मग माती चाळून पसरायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी मारायचं. माती पायाला घट्ट लागली पाहिजे आणि अंगाला मऊ लागली पाहिजे. दोन्ही एकदम जमणं सोपं नाही. हे काम बहुतेक ठिकाणी मंडळाचे मुलगे करतात, पण पाण्याच्या कळशा कोणाच्या डोक्यावरून आल्या ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्यातून आपला भाग खारेपाटाचा. बांध फुटला की भरतीचं पाणी शेतात येतं आणि जमीन वर्षानुवर्षं खारी राहते. खाऱ्या मातीची खोड अशी की उन्हात तिच्यावर पापुद्रा धरतो, आणि रात्री तीच माती हवेतला ओलावा ओढून घेते. घरात मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं की काय होतं, ते आपण रोज बघतो. मैदानाचंही तेच होतं. वर थंडीच्या दिवसांत समुद्रकाठच्या रात्री दव पडतं ते वेगळंच.

म्हणजे मैदान एकच असलं तरी दिवसभरात त्याची तीन रूपं होतात. दुपारी तीन-चारच्या सुमाराला माती तापलेली असते, अनवाणी तळवे भाजतात, वरची धूळ पायाखाली घसरते. सूर्य कलला, पाणी मारलं, रोलर फिरवला की साधारण सहा-साडेसहापासून रात्री नऊ-साडेनऊपर्यंत मैदान उत्तम असतं. पाय जिथे ठेवावा तिथे बसतो, पडलं तर लागत नाही. आणि अकरानंतर दव धरलं की तीच माती शेवाळ चढलेल्या पायरीसारखी होते.

या तीन वेळांपैकी पुरुषांचे सामने कधी आणि बायकांचे कधी, हे तुम्ही न सांगता ओळखाल.

आता एका स्पर्धेची हकीकत सांगते. गावाचं आणि मंडळाचं नाव घेत नाही, कारण त्या एकाच गावाला दोष द्यायचा नाही. कोकणातल्या निरनिराळ्या जिल्ह्यांतले निमंत्रित संघ बोलावलेली चार दिवसांची स्पर्धा होती. महिना माघ. पुरुषांचे सोळा संघ, बायकांचे आठ. पत्रिकेवर ‘पुरुष व महिला’ असं ठळक छापलं होतं. बक्षीस मात्र पुरुषांच्या तिसऱ्या क्रमांकाला जेवढं, त्याहून थोडं कमी बायकांच्या पहिल्या क्रमांकाला.

पहिल्या दोन दिवसांत आमचे सामने दुपारी साडेतीनला झाले. मैदानाभोवती शाळेतली मुलं आणि चार म्हातारी माणसं. आमच्या पायांना फोड आले. तिसऱ्या दिवशी उपान्त्य सामना रात्री आठला ठरला होता. आम्ही सात वाजता तयार होऊन बसलो. मग पाहुणे येणार म्हणून पुरुषांचा एक सामना आधी घेतला. मग पाहुण्यांची भाषणं झाली. मग पाहुण्यांना लवकर जायचं म्हणून पुरुषांचा दुसरा सामना घेतला. आमचं नाव पुकारलं तेव्हा साडेबारा वाजले होते. आमच्यातल्या तिघी दहावी-बारावीच्या. एका जागी साडेपाच तास बसून अंग आखडलेलं, पोटात दोन वडापाव, आणि लघवीला जायला जागा नाही म्हणून पाणी न प्यायलेलं. हे शेवटचं वाक्य खेळाच्या कुठल्याच पुस्तकात नसतं. पण पाणी न पिता खेळणाऱ्या मुलीच्या पोटरीत गोळा येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी मैदानात गेले आणि एक फेरी मारली. तळव्याला लगेच कळलं. मध्यरेषेजवळची माती दिवसभराच्या पायांनी भुगा झाली होती आणि त्यावर दव पडून चिखलाचा पातळ थर बसला होता. निदान रेषेपाशी, जिथे पकडी होतात, तिथे अंग घासून माती गुळगुळीत झालेली. त्यातल्या त्यात दोन्ही बाजूंचे राखीव पट्टे बरे होते, कारण झटापट झाल्याशिवाय तिथे कोणी जात नाही.

अशा जमिनीवर खेळ बदलावा लागतो. बोनसचंच घ्या. समोर सहा किंवा सात जणी असतील तेव्हा चढाई करणारीने एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकवायचा आणि त्याच वेळी दुसरा पाय हवेत असला पाहिजे. म्हणजे क्षणभर सगळं अंग एका पायावर, तेही प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यात. कोरड्या मातीवर हा गुण हुशारीचा. ओल्या मातीवर तो पाय सरकला की बाई आडवी आणि अंगावर सहाजणी. लाथ मारून गडी टिपायचा तरी तेच, ज्या पायावर उभं राहायचं त्याचाच भरवसा नाही. पकडीत साखळी धरतात, म्हणजे दोघी हात धरून एकत्र पुढे येतात. त्यात एक घसरली की दुसरीही जाते. धावत येऊन धडक मारणारी स्वतःच रेषेबाहेर जाते.

आमच्या कर्णधारणीने तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. बोनसला जायचं नाही. लाथ नाही. पावलं आखूड टाकायची, गुडघे वाकवून, तळवा पूर्ण टेकवून. हातानेच शिवायचं. पकडीत फक्त घोटा धरायचा, कारण ओल्या जमिनीत चढाई करणारीला झटका देऊन पाय सोडवता येत नाही. आणि चढाईहून परतताना मध्यरेषेच्या मधोमध यायचं नाही, कडेने यायचं. त्या सामन्यात आमचे गुण कमी झाले, पण समोरच्यांचे त्याहून कमी झाले. त्यांची मुख्य चढाईपटू आमच्याहून कितीतरी चांगली होती. ती उड्यांवर खेळणारी, आणि त्या रात्री तिला उडी मारायला जमीनच नव्हती. आम्ही चार गुणांनी जिंकलो. सामना संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “ताई, आठ वाजता खेळलो असतो तर?” मी म्हटलं, “आठ वाजता तुम्ही जिंकला असता.” मला अजूनही तसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. पुरुषांचा अंतिम सामना नऊला झाला, बक्षीस समारंभ अकरापर्यंत चालला. पाहुणे गेले, डॉक्टर गेले, रुग्णवाहिका गेली. आम्ही दीड वाजता मैदानात उतरलो. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं. दुसऱ्या डावात आमची डावा कोपरा सांभाळणारी मुलगी घोटा धरायला झेपावली, खालचा पाय सरकला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. आवाज मला मध्यरेषेपर्यंत ऐकू आला. ती सतरा वर्षांची होती. तिला बाकावर निजवून टेम्पोतून अलिबागला नेलं, पोचायला पहाटेचे चार झाले. सामना आम्ही हरलो, ते महत्त्वाचं नाही.

महत्त्वाचं पुढे घडलं. तिच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता. शस्त्रक्रियेचा खर्च मोठा. मंडळ म्हणालं, खेळात लागतंच. वडील म्हणाले, पोरीच्या जातीला हे कशाला. नातेवाईक म्हणाले, आता लंगडणाऱ्या मुलीला कोण करणार. तिच्या पायापेक्षा लग्नाची चर्चा जास्त झाली. जिल्हा संघाच्या निवडीला ती जाऊ शकली नाही. ज्या खेळाच्या जोरावर तिला नोकरी मिळाली असती तो खेळ सुटला. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि आपल्या भागातल्या कितीतरी मुलींच्या डोक्यात खेळताना हीच गोष्ट असते. शेतावर भागत नाही, होडीवर भागत नाही, कॉलेजला जायचं तर रोजचं एसटीचं भाडं. कबड्डीला काही लागत नाही, जमीन आणि दम असला की झालं, म्हणून गरिबाची मुलगी कबड्डीकडे येते. आणि जमीनच दगा देणारी मिळाली तर?

ती जमीन आपोआप तशी झाली नव्हती. दव आकाशातून पडलं, हे खरं. पण दव पडायच्या वेळी तिथे कोणाला उभं करायचं, हे वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी ठरवलं. त्या समितीत एकवीस माणसं होती आणि त्यात एकही बाई नव्हती.

आता मी मॅटबद्दलही बोलते, कारण आमच्या मुलींना यावर लगेच उत्तर मिळतं की, “मॅट आली की सगळे प्रश्न सुटतील.” मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. रबरी तुकडे एकमेकांत अडकवून मॅट अंथरतात, बूट घालून खेळावं लागतं. मॅटवर खडा नाही, धूळ नाही, दुपार-रात्र असा फरकही फारसा नाही. हे फायदे आहेतच. पण आमच्या शाळेच्या मुली विभागीय स्पर्धेला गेल्या तेव्हा सातजणींत चार बूट-जोड होते. अनवाणी वाढलेल्या पायाला बुटात जमीन कळत नाही. मातीवर पाय थोडा सरकून थांबतो, मॅटवर बूट जागच्या जागी धरतो आणि अंग पुढे जातं, तो सगळा ताण गुडघ्यावर येतो. घाम सांडला की मॅटही निसरडी होते, दर थोड्या वेळाने पुसावी लागते. आणि अंग घासलं की भाजल्यासारखी कातडी निघते. तिथेही सराव लागतोच, आणि सरावाला मॅट कुठे आहे? ती जिल्ह्याच्या ठिकाणी बंद खोलीत गुंडाळून ठेवलेली. किल्ली कोणाकडे, ते विचारत फिरायचं. मुलगे मोटरसायकलवर तिथवर जातात, रात्री नऊला परत येतात. मुलीला सहाच्या एसटीने घरी यायचं असतं. म्हणजे मॅट आली तरी ‘कोणत्या वेळी’ हा प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न गावापुरताही नाही. खेळाचा इतिहास बघा. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. बायकांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून सुरू आहेत. म्हणजे बायका काल-परवा आलेल्या नाहीत. आशियाई खेळांत मात्र पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंगला आली आणि बायकांची २०१० साली ग्वांगझूला. मध्ये वीस वर्षं. वीस वर्षांत खेळाडूंची निदान दोन पिढ्या येऊन जातात. त्या पिढ्यांतल्या बायका कमी खेळल्या नाहीत, त्यांची वेळच लागली नाही. २०१२ साली पाटण्याला बायकांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. दुसरा विश्वचषक व्हायला २०२५ साल उजाडलं. ढाक्याला तोही आपल्या मुलींनी जिंकला. पुरुषांची व्यावसायिक लीग २०१४ साली आठ संघांनी सुरू झाली. २०१६ साली बायकांसाठी तिच्या जोडीला तीन संघांची छोटी स्पर्धा घेतली गेली.

शैलजा जैन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नाशिकच्या प्रशिक्षक. इराणच्या बायकांच्या संघाला त्यांनी शिकवलं. इराणच्या मुली डोकं झाकून, पूर्ण अंगभर कपड्यांत खेळतात. २०१८ साली जाकार्ता इथे आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात त्या इराणने भारताला २७-२४ असं हरवलं. त्या दिवशी आमच्या गावात काहीजणांना राग आला, आपल्याच बाईने आपल्याला हरवलं म्हणून. मी आमच्या मुलींना म्हटलं, तुम्ही दुसरी बाजूही बघा. आपल्या नाशिकची एक बाई परदेशात जाते, वेगळी भाषा, वेगळे रिवाज, आणि तिथल्या मुलींना सुवर्णपदकापर्यंत नेते. आपल्या तालुक्यात मुलींच्या संघांना किती बायका प्रशिक्षक आहेत, मोजा. पंच किती, सरपंच किती? इथे मी गावचा सरपंच म्हणत नाही, सामन्याचा सरपंच म्हणते. गावाची सरपंच बाई होऊ शकते, आरक्षणामुळे झालीही. सामन्याची सरपंच बाई मी चौदा वर्षांत फक्त दोनदा पाहिली. २०२२ चे आशियाई खेळ २०२३ साली हांगझूला झाले, तिथे भारतीय मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवून सुवर्ण परत आणलं. एका गुणाचा फरक. ज्यांनी कबड्डी खेळली आहे त्यांना कळेल, एक गुण म्हणजे एकदा सरकलेला पाय.

आता आम्ही काय केलं ते सांगते. त्या स्पर्धेनंतर आम्ही आठही संघांच्या मुलींना पत्रं लिहिली, फोन केले. पहिल्या बैठकीला पाचच संघ आले. तिथे वाद झाला, आणि तो वाद तुमच्यापुढे ठेवणं मला गरजेचं वाटतं. काही मुली म्हणाल्या, ताई, काही मागू नका. मागितलं तर पुढच्या वर्षी महिला गटच काढून टाकतील. आहे तेही जाईल. ही भीती खोटी नव्हती. असं झालेली गावं आम्हाला माहीत होती. दुसऱ्या म्हणाल्या, मग गुडघे मोडून घ्यायचे का? तीन तास बोलणं चाललं. शेवटी ठरलं की बहिष्कार नाही, तक्रारही नाही. प्रत्येक संघाने पत्रिका स्वीकारतानाच चार अटी लेखी कळवायच्या. पहिली, बायकांचा सामना सूर्यास्तानंतर आणि रात्री दहाच्या आत. दुसरी, प्रत्येक सामन्याआधी मैदानावर रोलर, आणि दव असेल तर कोरडी चाळलेली माती. तिसरी, कपडे बदलायला आडोसा आणि संडास. चौथी, शेवटचा सामना संपेपर्यंत डॉक्टर.

एका संघाने अट घातली असती तर पत्रिका दुसऱ्या संघाला गेली असती. पाचांनी एकदम घातली म्हणून ती चालली. पुढच्या हंगामात दोन गावांनी महिला गट रद्द केला. तीन गावांनी अटी मान्य केल्या. आणि त्या तिन्ही गावांत एक गोष्ट सारखी होती. तिथल्या बचत गटाच्या बायका समितीकडे जाऊन बसल्या होत्या. एका गावात तर त्यांनी सांगितलं, “पाहुण्यांच्या जेवणाचा स्वयंपाक आम्हीच करतो ना? मग आमच्या पोरींचा सामना किती वाजता, तेही आम्हीच सांगणार.” त्या गावात बायकांचा अंतिम सामना संध्याकाळी सातला झाला. आणि मैदानाभोवती इतक्या बायका मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. रात्री दीड वाजता गावातली कुठली बाई घर सोडून सामना बघायला येईल? बायकांच्या सामन्याला गर्दी नसते, हे जे सांगतात, त्यांनी सामन्याची वेळ सांगावी.

कायद्याचं थोडं सांगते, तुमच्यातल्या पुष्कळजणी सल्ला केंद्रं चालवतात म्हणून. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आपण कारखाना, ऑफिस, शाळा इथे वापरतो. त्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडा संस्था, क्रीडांगण, क्रीडा संकुल आणि स्पर्धेचं ठिकाण हेही स्पष्ट लिहिलेलं आहे, तिथे राहण्याची सोय असो वा नसो. सरावाला आणि स्पर्धेला जाणारी मुलगी या कायद्याखाली येते, तिला पगार मिळत नसला तरी. गावच्या मंडळाकडे अंतर्गत समिती नसतेच, तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करायची. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. २०२३ साली देशाच्या पदकविजेत्या कुस्तीपटू दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यांच्यासारख्यांना रस्त्यावर बसावं लागलं, तर आपल्या गावातल्या सोळा वर्षांच्या मुलीने कोणाला सांगायचं? तिला निदान तुमच्या केंद्राचा पत्ता ठाऊक असला पाहिजे. मध्यरात्री सामना आणि परतायला गाडी नाही, ही स्थिती छळाला किती सोयीची असते, हे मी वेगळं सांगायला नको.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. या दोन्ही गोष्टी आपण शिलाई मशीन आणि हळदीकुंकू यांच्यापलीकडे नेल्या पाहिजेत. मुलींच्या सरावासाठी शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पाच ते साडेसहा ही वेळ राखून ठेवावी, असा ठराव महिला सभेत होऊ शकतो. त्याला पैसा लागत नाही. फक्त त्या वेळी तिथे क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना बाजूला व्हावं लागतं. आमच्या गावात हा ठराव दोनदा फेटाळला गेला आणि तिसऱ्यांदा मंजूर झाला. पहिले आठ दिवस मुलगे स्टंप रोवून बसायचे. मग मुलींच्या आया विळे-कोयते घेऊन शेतावरून परस्पर मैदानावर यायला लागल्या, नुसत्या कडेला बसायच्या. कोणी काही बोललं नाही. नवव्या दिवसापासून स्टंप दिसले नाहीत.

ज्या मुलीचा गुडघा गेला तिच्याबद्दल जेवणाच्या सुट्टीत नक्की विचाराल, म्हणून आत्ताच सांगते. शस्त्रक्रियेचे पैसे आठ संघांच्या मुलींनी आणि काही मच्छी विकणाऱ्या बायकांनी जमवले. ती पुन्हा खेळू शकली नाही. गेल्या वर्षी ती पंचाची परीक्षा पास झाली. सामन्याआधी मैदानातून अनवाणी एक फेरी मारते आणि माती ओली वाटली तर सामना थांबवून कोरडी माती टाकायला लावते. आयोजक कुरकुरतात. ती घड्याळ दाखवते आणि म्हणते, “मग लवकर ठेवायचा होता.”

दुपारच्या गटचर्चेसाठी एवढंच काम देते. आपापल्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत या हंगामात कुठे स्पर्धा आहेत, त्यांच्या समितीत बायका किती आहेत आणि महिला गटाचे सामने किती वाजता लावले आहेत, याची यादी करा. महिला गटच नसेल तर तसं लिहा. संडास आहे का, डॉक्टर किती वाजेपर्यंत आहे, तेही लिहा. कागद संध्याकाळी माझ्याकडे द्या. भातकापणीला आता फार दिवस उरलेले नाहीत. पत्रिका छापल्या जायच्या आत आपल्याला त्या समित्यांपुढे जाऊन बसायचं आहे.